खंडांना हलवणारे बळ

पृथ्वीचे बाह्य कवच सात-आठ मोठ्या आणि अनेक लहान भूपट्टांचे बनलेले आहे. हे पट्ट वर्षाला काही सेंटिमीटर इतक्या वेगाने सरकतात आणि त्यांच्या सरकण्यातून भूकंप होतात, ज्वालामुखी जागे होतात, हिमालयासारखे पर्वत उभे राहतात, हे आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. हे ज्ञान आता इतके अंगवळणी पडले आहे, की ते १९६०च्या दशकाच्या अखेरीस कुठे सर्वमान्य झाले यावर सहजी विश्वास बसत नाही. त्याआधीची पन्नासहून अधिक वर्षे या कल्पनेच्या वाट्याला विद्वत्सभांमधून मुख्यतः उपेक्षा आणि हेटाळणीच आली. या हेटाळणीचा धनी ठरलेला माणूस भूशास्त्रज्ञ नव्हता. तो होता हवामानशास्त्रज्ञ. खंड सरकतात याचे पुरावे त्याने गोळा केले. पण त्यांना सरकवते कोण, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्याला अखेरपर्यंत सापडले नाही. आल्फ्रेड वेगेनर हे त्याचे नाव.

वेगेनर यांचा जन्म १ नोव्हेंबर १८८० रोजी बर्लिनमध्ये झाला. वडील रिचर्ड वेगेनर धर्मशास्त्राचे अभ्यासक आणि अभिजात भाषांचे शिक्षक होते. पाच भावंडांत आल्फ्रेड सर्वांत धाकटे. त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे असलेले बंधू कुर्ट हे त्यांचे बालपणापासूनचे सोबती. पुढे दोघेही विज्ञानाकडे वळले. बर्लिन, हायडेलबर्ग आणि इन्सब्रुक येथे आल्फ्रेड यांनी भौतिकशास्त्र, हवामानशास्त्र आणि खगोलशास्त्राचा अभ्यास केला. १९०५मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली ती खगोलशास्त्रात, मध्ययुगीन ग्रहगणिताच्या कोष्टकांवरील प्रबंधासाठी. मात्र दुर्बिणीजवळ बसून आयुष्य काढण्याचा त्यांचा पिंड नव्हता. मोकळी हवा, डोंगर, बर्फ यांची त्यांना ओढ होती. हवामानशास्त्र हे तेव्हा नुकतेच आकार घेत असलेले शास्त्र होते आणि त्यात शरीर व बुद्धी या दोहोंना वाव होता.

लिंडेनबर्ग येथील वेधशाळेत दोघे बंधू पतंग आणि बलून यांच्या साहाय्याने वातावरणाच्या वरच्या थरांचा अभ्यास करू लागले. एप्रिल १९०६मध्ये या दोघांनी बलूनमधून सलग साडेबावन्न तास हवेत राहण्याचा विक्रम केला. त्याच वर्षी आल्फ्रेड डेन्मार्कच्या मोहिमेबरोबर ईशान्य ग्रीनलंडला गेले. दोन वर्षांच्या या मोहिमेत त्यांनी तेथे हवामानकेंद्र उभारले आणि ध्रुवीय हिवाळ्यात नोंदी घेतल्या. मोहिमेचे प्रमुख लुडविग म्युलिउस-एरिक्सन आणि त्यांचे दोन सहकारी याच काळात बर्फात मृत्युमुखी पडले. ग्रीनलंड काय करू शकते, हे वेगेनर यांनी वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीच जवळून पाहिले होते. तरीही ते तेथे पुन:पुन्हा जात राहिले.

मायदेशी परतल्यावर त्यांनी मारबुर्ग विद्यापीठात अध्यापन सुरू केले. वातावरणाच्या ऊष्मागतिकीवरील त्यांचे पुस्तक १९११मध्ये प्रसिद्ध झाले आणि हवामानशास्त्रात त्यांचे नाव झाले. ज्या कल्पनेमुळे ते अमर झाले, ती कल्पना मात्र एका नकाशापुढे सुचली. १९१०च्या नाताळच्या सुमारास एका सहकाऱ्याचा नवा नकाशासंग्रह चाळताना दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा आणि आफ्रिकेचा पश्चिम किनारा एकमेकांत चपखल बसतात, हे त्यांच्या लक्षात आले. हे साम्य त्यांच्याआधीही अनेकांना जाणवले होते. अमेरिकन भूशास्त्रज्ञ फ्रँक टेलर यांनी खंडांच्या सरकण्याविषयी काही वर्षे आधीच लिहिले होते. वेगेनर यांनीही प्रथम तो विचार बाजूला ठेवला. पण १९११च्या शरद ऋतूत विद्यापीठाच्या ग्रंथालयात ब्राझील आणि आफ्रिका येथील जीवाश्मांच्या साम्याविषयीचे लेखन त्यांच्या वाचनात आले आणि तो विचार पुन्हा उसळून वर आला. अवघ्या काही महिन्यांत, ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफुर्ट येथे भूशास्त्रज्ञांच्या सभेपुढे त्यांनी आपला खंडवहनाचा सिद्धांत मांडला. त्यांचे वय तेव्हा एकतीस वर्षांचे होते.

त्या काळी भूशास्त्रात वेगळाच समज रूढ होता. पृथ्वी तप्त अवस्थेतून थंड होत आहे, थंड होताना ती आकसते आणि सुकलेल्या फळाच्या सालीवर पडाव्यात तशा तिच्या पृष्ठावर सुरकुत्या पडतात. या सुरकुत्या म्हणजे पर्वत, असे मानले जाई. दूरदूरच्या खंडांवर सारखेच प्राणी आणि वनस्पती कसे आढळतात, या प्रश्नाचेही उत्तर तयार होते. पूर्वी खंडांच्या मध्ये भूसेतू होते आणि ते पुढे समुद्रात बुडाले, असे ते उत्तर. ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञ एडुआर्ड झ्यूस यांनी दक्षिण गोलार्धातील अशा प्राचीन विशाल भूमीला ‘गोंडवाना’ हे नाव दिले होते. हे नाव मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरून आलेले. तेथील खडकांत सापडणाऱ्या ग्लॉसोप्टेरिस या लुप्त वनस्पतीच्या पानांचे ठसे दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातही सापडत होते.

वेगेनर यांनी भूसेतूंच्या मुळावरच घाव घातला. खंडांचे खडक हलके आणि सागरतळाचे खडक जड असतात, हे गुरुत्वाकर्षणाच्या मोजमापांवरून तोवर दिसून आले होते. हलके खंड खालच्या जड थरावर, पाण्यावर लाकूड तरंगावे तसे तरंगतात. मग हजारो किलोमीटर लांबीची हलकी भूमी बुडून सागरतळ कशी होईल? ती बुडू शकत नसेल, तर एकच पर्याय उरतो. आज दूर असलेले खंड पूर्वी एकमेकांना चिकटून होते आणि नंतर ते बाजूला सरकले. या आद्य महाखंडाला पुढे पँजिया हे नाव मिळाले.

फ्रँकफुर्टमध्ये मांडलेल्या या विचारावर वाद रंगण्याआधीच वेगेनर पुन्हा ग्रीनलंडला रवाना झाले. योहान पेटर कोख या डॅनिश संशोधकासह चौघांनी १९१२-१३चा हिवाळा हिमपठाराच्या कडेला काढला. तंबूजवळच हिमनदीचा प्रचंड कडा कोसळला आणि सारे थोडक्यात बचावले. कोख हिमदरीत पडले आणि त्यांचा पाय मोडला. वसंत ऋतूत त्यांनी आइसलंडहून आणलेल्या तट्टांच्या साहाय्याने ग्रीनलंड ओलांडायला सुरुवात केली. सुमारे बाराशे किलोमीटरच्या या वाटचालीत एकेक करून सारी तट्टे गमवावी लागली. पश्चिम किनारा दृष्टिपथात आला तेव्हा अन्न संपले होते. सोबतचा कुत्रा मारून खाण्याची पाळी आली. अशा अवस्थेत त्या भागात होडीतून चाललेल्या एका धर्मगुरूची नजर त्यांच्यावर पडली आणि चौघांचे प्राण वाचले.

परतल्यावर १९१३मध्ये वेगेनर यांचा विवाह एल्झे क्योपेन यांच्याशी झाला. एल्झे यांचे वडील व्लादिमिर क्योपेन हे जगाच्या हवामानाचे वर्गीकरण करणारे ख्यातनाम शास्त्रज्ञ. जावयाने हवामानशास्त्र सोडून भूशास्त्राच्या भानगडीत पडू नये, असे त्यांना सुरुवातीला वाटत होते. पुढे मात्र ते जावयाच्या बाजूने उभे राहिले आणि १९२४मध्ये दोघांनी मिळून प्राचीन काळातील हवामानावर एक महत्त्वाचा ग्रंथ लिहिला.

पहिले महायुद्ध सुरू होताच वेगेनर यांना सैन्यात बोलावण्यात आले. आघाडीवर ते दोनदा जखमी झाले. जखमा भरून येण्याच्या काळात त्यांनी ‘खंड आणि महासागर यांची उत्पत्ती’ हे पुस्तक लिहून काढले. १९१५मध्ये प्रसिद्ध झालेले हे पुस्तक जेमतेम ९४ पृष्ठांचे होते. पुढील चौदा वर्षांत त्याच्या आणखी तीन आवृत्त्या निघाल्या आणि प्रत्येक आवृत्तीत नव्या पुराव्यांची भर पडत गेली. १९२४मध्ये तिसऱ्या आवृत्तीचे इंग्रजी भाषांतर झाले आणि वादाचे लोण इंग्लंड-अमेरिकेत पोहोचले.

या पुस्तकाचे बळ त्यातील पुराव्यांच्या विविधतेत होते. मेसोसॉरस हा लहानसा सरपटणारा प्राणी फक्त दक्षिण आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत सापडतो. अटलांटिक महासागर पोहून जाणे त्याच्या आवाक्यातले नव्हते. दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि भारत या सर्व ठिकाणी सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीच्या हिमनद्यांच्या खुणा आहेत. भारतातील अशा खुणा ओडिशातील तालचेर येथे १८५६मध्येच नोंदवल्या गेल्या होत्या. आज उष्ण कटिबंधात असलेल्या तालचेरला बर्फ आले कोठून? उलट, आर्क्टिकमधील स्पिट्सबर्गेन बेटावर उष्ण हवामानात वाढणाऱ्या वनस्पतींचे अवशेष मिळतात, ते कसे? खंड आहेत तेथेच होते असे मानले तर दक्षिणेतील त्या हिमयुगाचा नकाशा काढणे अशक्य होते. खंड एकत्र आणून दक्षिण ध्रुवाभोवती मांडले, की विखुरलेल्या खुणा एकाच हिमपठाराच्या ठरतात. हवामानशास्त्रज्ञाच्या नजरेला हे जितक्या स्पष्टपणे दिसले, तितके भूशास्त्रज्ञांना दिसले नव्हते.

परंतु शास्त्रात काय घडले हे सांगितल्यावर ते कसे घडले, हेही सांगावे लागते. वेगेनर यांची बाजू इथे लंगडी पडली. त्यांनी दोन बळांची नावे घेतली. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने आणि विषुववृत्ताशी फुगीर असल्याने तरंगणाऱ्या खंडांवर ध्रुवांकडून विषुववृत्ताकडे ढकलणारे एक सूक्ष्म बळ कार्य करते. हंगेरीचे भौतिकशास्त्रज्ञ ओट्व्होश यांनी ते दाखवून दिले होते. भारताचे आशियाला भिडणे आणि हिमालयाचे उभे राहणे या बळामुळे घडले असावे, असे वेगेनर यांना वाटले. दुसरे बळ चंद्र-सूर्याच्या आकर्षणाचे. समुद्राला भरती आणणारे हे आकर्षण पृथ्वीच्या घन कवचालाही पश्चिमेकडे ओढत असावे आणि त्यामुळे अमेरिका खंड पश्चिमेकडे सरकले असावेत, असा त्यांचा तर्क होता.

ही दोन्ही बळे खरी होती. मात्र अत्यंत दुबळी होती. इंग्लंडचे भूभौतिकशास्त्रज्ञ हॅरल्ड जेफ्रीज यांनी गणित मांडून दाखवले, की खंड हलवण्यासाठी लागणाऱ्या बळापुढे ही बळे लाखो पटींनी अपुरी पडतात. भरतीचे बळ खंडांना सरकवण्याइतके प्रबळ असते, तर त्याने पृथ्वीचे परिवलनच वर्षभराच्या आत थांबवले असते. दुसरा आक्षेपही तितकाच बिनतोड होता. सागरतळाचे खडक खंडांच्या खडकांपेक्षा मऊ नाहीत. मग नौकेने पाणी कापावे तसे खंड हा कठीण तळ कापत पुढे कसे जातील? ते गेलेच, तर त्यांच्या कडा चुरगळून जातील आणि किनाऱ्यांचा तो चपखल जुळाही उरणार नाही.

वेगेनर यांनी स्वतःही टीकाकारांच्या हाती काही कोलीत दिले. ग्रीनलंडच्या रेखांशांच्या जुन्या-नव्या नोंदींची तुलना करून ते बेट युरोपपासून वर्षाला कित्येक मीटर दूर जात आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला होता. तो मोजमापातील त्रुटींचा परिणाम होता. खरा वेग त्याच्या शेकडो पटींनी कमी आहे. १९२६च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क येथे अमेरिकी पेट्रोलियम भूशास्त्रज्ञांच्या संघटनेने या सिद्धांतावर परिसंवाद भरवला. त्यात बहुतेक अमेरिकी विद्वानांनी विरोधी सूर लावला. सोयीचे पुरावे तेवढे वेचण्याचा आरोप झाला. एका हवामानशास्त्रज्ञाने आपल्या शास्त्राची सत्तर वर्षांची बांधणी मोडावी, हा सलही अनेकांच्या मनात होताच. जर्मनीतील विद्यापीठांत वेगेनर यांना प्राध्यापकपद मिळाले नाही. अखेर १९२४मध्ये ऑस्ट्रियातील ग्राट्स विद्यापीठाने त्यांना हवामानशास्त्र आणि भूभौतिकशास्त्राचे अध्यासन दिले.

टीकेने ते कडवट झाले नाहीत. चुकीचे ते मागे घ्यायचे, बरोबर ते पुढे न्यायचे, अशा शांत वृत्तीने ते प्रत्येक आवृत्ती नव्याने लिहीत राहिले. मधल्या काळात चंद्रावरील विवरे ज्वालामुखींमुळे नव्हे, तर आघातांमुळे तयार झाली, असे प्रतिपादन करणारे पुस्तकही त्यांनी १९२१मध्ये लिहिले. तेही पुढे खरे ठरले. १९२९च्या चौथ्या आवृत्तीत त्यांनी प्रांजळपणे मान्य केले, की खंडांना हलवणाऱ्या बळांचा उलगडा अद्याप झालेला नाही. गतीचे नियम सांगणारा न्यूटन या क्षेत्राला अजून मिळायचा आहे. मात्र गतीचे कारण माहीत नाही म्हणून गतीच नाही, असे म्हणता येत नाही, ही त्यांची भूमिका कायम राहिली.

उत्तराची दिशा याच काळात दिसू लागली होती. ग्राट्समधील भूशास्त्रज्ञ रॉबर्ट श्विनर यांनी पृथ्वीच्या पोटातील प्रवाहांची कल्पना मांडली होती आणि वेगेनर यांनी आपल्या शेवटच्या आवृत्तीत या प्रवाहांची दखल घेतली. त्याला भक्कम रूप दिले ते ब्रिटिश भूशास्त्रज्ञ आर्थर होम्स यांनी. किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून खडकांचे वय काढण्यात होम्स यांची हयात गेली होती. हीच मूलद्रव्ये पृथ्वीच्या आत सतत उष्णता निर्माण करतात, मग ती उष्णता बाहेर पडते कशी, असा प्रश्न त्यांनी विचारला. डिसेंबर १९२७मध्ये ग्लासगो येथील भाषणात त्यांनी उत्तर मांडले आणि १९३१मध्ये ते छापले गेले. चुलीवरच्या पातेल्यात तळाचे तापलेले पाणी वर येते, कडेला पसरते आणि निवल्यावर पुन्हा खाली जाते. कवचाखालच्या प्रावरणात असेच अभिसरण प्रवाह अतिशय संथपणे वाहत असावेत, आणि वर तरंगणारे खंड त्यांच्यासोबत वाहून नेले जात असावेत. प्रावरणाचा खडक घन असला तरी प्रचंड उष्णता आणि दाबाखाली, दीर्घ काळात तो प्रवाही होतो. बर्फ हातात घेतला तर दगडासारखा कठीण लागतो, पण हिमनदीत तोच बर्फ वाहतो, तसेच हे. वेगेनर यांनी अशा वाहत्या घन पदार्थावर आयुष्याची कित्येक वर्षे काढली होती. होम्स यांचा प्रबंध छापून आला तेव्हा मात्र ते हयात नव्हते.

१९३०मध्ये वेगेनर आपल्या चौथ्या ग्रीनलंड मोहिमेवर निघाले. या वेळी ते प्रमुख होते. पश्चिम किनारा, पूर्व किनारा आणि हिमपठाराचा मध्य अशा तीन ठिकाणी वर्षभर हवामानाच्या नोंदी घ्यायच्या, तसेच स्फोटांच्या कंपनलहरींवरून बर्फाची जाडी मोजायची, असा बेत होता. मात्र किनाऱ्यालगतचा समुद्र गोठलेला असल्याने सामान उतरवायला पाच आठवड्यांहून अधिक उशीर झाला. ध्रुवीय प्रदेशातील उन्हाळा आखूड असतो. गेलेले पाच आठवडे भरून काढता येत नाहीत. पंख्याच्या बळावर चालणाऱ्या ज्या मोटार-स्लेजवर भिस्त होती, त्याही ताज्या बर्फात रुतल्या.

पश्चिम किनाऱ्यापासून चारशे किलोमीटर आत, सुमारे तीन हजार मीटर उंचीवर ‘आइसमिट्टे’ हे मधले केंद्र उभारले गेले होते. योहानेस गेओर्गी आणि एर्न्स्ट झोर्गे हे दोघे तेथे बर्फात खोदलेल्या गुहेत राहत होते. त्यांच्याकडील इंधन आणि अन्न हिवाळ्याला पुरणारे नव्हते. रसद वेळेत न आल्यास २० ऑक्टोबरला केंद्र सोडून पायी निघू, असे त्यांनी कळवले होते. हिवाळ्याच्या तोंडावर त्या दोघांनी पायी निघणे म्हणजे मृत्यूला सामोरे जाणे, हे वेगेनर यांना उमगले. २१ सप्टेंबरला ते हवामानशास्त्रज्ञ फ्रिट्झ ल्यॉव्हे, तेरा ग्रीनलंडवासी आणि पंधरा कुत्र्यांच्या स्लेज घेऊन निघाले. हवामान बिघडत गेले तसे सोबतचे लोक मागे फिरले. शेवटी उरले तिघे: वेगेनर, ल्यॉव्हे आणि रास्मुस विलुम्सेन हा तरुण ग्रीनलंडवासी. सामानही बहुतेक वाटेत सोडावे लागले.

चाळीस दिवसांची वाट तुडवून, उणे पन्नास अंशांहून खाली गेलेल्या थंडीतून ३० ऑक्टोबरला ते पोहोचले, तेव्हा गेओर्गी आणि झोर्गे तेथेच होते. काटकसर केल्यास आहे त्यात हिवाळा काढता येईल, असा हिशेब त्यांनी केला होता. ज्यासाठी जीव धोक्यात घातला, तो धोका मुळात टळलेलाच होता. बिनतारी संदेशयंत्र आइसमिट्टेपर्यंत पोहोचलेच नव्हते, म्हणून ही गोष्ट किनाऱ्यावर कुणाला कळली नाही. ल्यॉव्हे यांच्या पायाची बोटे हिमदंशाने निकामी झाली होती. ती पुढे गेओर्गी यांना साध्या चाकूने कापावी लागली. पाच जणांना पुरेल इतके अन्न तेथे नव्हते. तिघांनी राहायचे आणि वेगेनर व विलुम्सेन यांनी परतायचे, असे ठरले. १ नोव्हेंबर १९३० रोजी, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, वेगेनर परतीच्या वाटेला लागले.

ते किनाऱ्यावर पोहोचले नाहीत. आइसमिट्टेतील लोकांना वाटले ते किनाऱ्यावर सुखरूप असतील. किनाऱ्यावरील लोकांना वाटले ते आइसमिट्टेत हिवाळा काढत असतील. वसंत ऋतूत शोधपथक मध्यकेंद्रावर पोहोचले, तेव्हा खरे काय ते उघड झाले. १२ मे १९३१ रोजी जवळपास निम्म्या वाटेवर बर्फात उभ्या रोवलेल्या स्कींखाली वेगेनर यांचा देह सापडला. तो झोपण्याच्या पिशवीच्या आवरणात नीट शिवून, काळजीपूर्वक पुरलेला होता. अतिश्रमाने हृदय बंद पडून तंबूतच मृत्यू आला असावा, असे सहकाऱ्यांचे मत पडले. अंत्यविधी करणारा विलुम्सेन वेगेनर यांची रोजनिशी घेऊन पुढे निघाला होता. त्याचा किंवा रोजनिशीचा पुढे कधीच पत्ता लागला नाही. बंधू कुर्ट यांनी येऊन मोहिमेची सूत्रे हाती घेतली आणि ती पूर्णत्वाला नेली. वेगेनर यांचा देह बर्फातच ठेवण्यात आला.

त्यानंतर दोन दशके खंडवहनाचा विचार जवळजवळ अडगळीत पडला. दक्षिण आफ्रिकेचे अलेक्झांडर द्यू त्वा यांच्यासारखे मोजके पाठीराखे सोडले, तर त्याचे नाव घेणेही प्रतिष्ठेला बाधक मानले जाई. चित्र बदलू लागले ते १९५०च्या दशकात. थंड होणाऱ्या लाव्हात त्या त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा कोरली जाते. तिच्यावरून तो खडक कोणत्या अक्षांशावर तयार झाला, हे काढता येते. या पद्धतीने तपासल्या गेलेल्या खडकांत दख्खनचा काळा कातळही होता. ब्रिटिश संशोधकांबरोबरच मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही त्याचा अभ्यास झाला. महाराष्ट्राच्या डोंगरांत दिसणारा हा कातळ विषुववृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेस थिजला होता, असे आढळले. भारत उत्तरेकडे सरकला, याची साक्ष सह्याद्रीच्या दगडानेच दिली.

याच सुमारास मेरी थार्प आणि ब्रूस हीझन यांनी अटलांटिकच्या तळाचे नकाशे काढले. महासागराच्या मधोमध गेलेल्या पर्वतरांगेच्या माथ्यावर लांबलचक भेग असल्याचे त्यातून दिसले. १९६२मध्ये हॅरी हेस यांनी प्रतिपादन केले, की या भेगांतून वर येणाऱ्या शिलारसातून नवा सागरतळ सतत तयार होतो, दोन्ही बाजूंना पसरतो आणि खोल सागरी गर्तांमध्ये पुन्हा पृथ्वीच्या पोटात जातो. १९६३मध्ये फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी सागरतळावरील चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लावला आणि हेस यांच्या कल्पनेला पुरावा मिळाला. १९६८पर्यंत भूपट्टांचा सिद्धांत उभा राहिला होता. जेफ्रीज मात्र १९८९मध्ये निधन होईपर्यंत विरोधावर ठाम राहिले.

वेगेनर यांना छळणाऱ्या प्रश्नाचे उत्तरही हळूहळू स्पष्ट झाले. खंड सागरतळ कापत जात नाहीत. खंड आणि सागरतळ दोन्ही मिळून एकच पट्ट असतो आणि तो सबंध सरकतो. त्यामुळे कठीण तळाचा आक्षेप आपोआप गळून पडला. पट्टाला हलवणारे मुख्य बळ वरून ढकलणारे नसून खालून ओढणारे आहे. सागरी पट्ट पर्वतरांगेपाशी जन्मतो तेव्हा तप्त आणि हलका असतो. दूर जाता जाता तो थंड, जाड आणि जड होत जातो. अखेर तो गर्तेत कलंडून स्वतःच्या भाराने बुडू लागतो. खोलवर गेल्यावर दाबामुळे त्यातील खडकाचे रूपांतर आणखी जड खडकात होते आणि ओढ वाढते. दोरीवर टाकलेल्या ओल्या धोतराचा एक भाग जड होऊन घसरू लागला, की उरलेलेही त्याच्यामागे ओढले जाते, तसा हा प्रकार आहे. १९७५मध्ये डोनाल्ड फोर्सिथ आणि सेइया उयेदा यांनी दाखवून दिले, की ज्या पट्टांच्या कडा मोठ्या प्रमाणावर गर्तांमध्ये बुडत आहेत, तेच वेगाने धावतात. पॅसिफिक पट्ट वर्षाला सात ते दहा सेंटिमीटर सरकतो. अशी बुडणारी कड जवळजवळ नसलेले पट्ट दोन-अडीच सेंटिमीटरवर रेंगाळतात.

दुसरे बळ पर्वतरांगेच्या उताराचे. सागरी पर्वतरांगा आसपासच्या तळापेक्षा दोन-तीन किलोमीटर उंच असतात, त्यामुळे नवा पट्ट त्या उतारावरून गुरुत्वाकर्षणाने बाजूला रेटला जातो. हे बळ ओढीच्या मानाने कमी असते. होम्स यांचे प्रवाहही खरेच आहेत. पण पट्ट त्या प्रवाहांवर निमूटपणे वाहत जाणारे ओंडके नाहीत. बुडणारा थंड पट्ट हाच त्या अभिसरणाचा खाली जाणारा भाग आहे. या साऱ्या यंत्रणेला ऊर्जा पुरवते ती पृथ्वीच्या आतील उष्णता. तिचा साधारण निम्मा वाटा किरणोत्सारी मूलद्रव्यांचा आणि उरलेला पृथ्वीच्या जन्मापासून साठून राहिलेला आहे.

सर्व कोडी सुटलेली नाहीत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वाहिला त्या काळात भारत वर्षाला पंधरा सेंटिमीटरहून अधिक वेगाने उत्तरेकडे धावत होता. आशियाला भिडून सुमारे पाच कोटी वर्षे झाली, तरी तो अजून वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर सरकतोच आहे. हिमालयाचा अडसर असताना ही रेटारेटी नेमक्या कोणत्या बळांच्या जोरावर चालू आहे, यावर शास्त्रज्ञांमध्ये आजही चर्चा होते. ध्रुवांकडून विषुववृत्ताकडे ढकलणाऱ्या बळावर वेगेनर यांनी टाकलेला भार चुकीचा होता. त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र शिल्लक आहे.

एल्झे वेगेनर यांना शंभर वर्षांचे आयुष्य लाभले. १९९२मध्ये त्यांचे निधन झाले. पतीच्या सिद्धांताची हेटाळणी, विस्मृती आणि पुनरुत्थान हे तिन्ही त्यांनी पाहिले. १९८०मध्ये, वेगेनर यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, जर्मनीने ध्रुवीय संशोधनासाठी ब्रेमरहाफेन येथे स्थापन केलेल्या संस्थेला त्यांचेच नाव दिले. त्याच दशकात दूरच्या ताऱ्यांसारख्या भासणाऱ्या खगोलीय रेडिओस्रोतांचा आधार घेऊन युरोप आणि अमेरिका यांमधले अंतर प्रत्यक्ष मोजले गेले. ते वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटरने वाढत असल्याचे दिसून आले. ज्या मोजमापासाठी वेगेनर यांनी ग्रीनलंडच्या रेखांशांशी झुंज घेतली होती, ते अखेर हाती आले. त्यांचा देह आजही ग्रीनलंडच्या हिमपठारात, दरवर्षी नव्याने साचणाऱ्या बर्फाच्या थरांखाली आहे. १९३०पासून आजवर ते बेट त्यांच्यासह युरोपपासून दोन मीटरच्या आसपास दूर गेले आहे.